प्लायवूड कटिंगच्या सॉफ्टवेअरला कॉपीपासून वाचवायचा उद्योग : माझ्या नोंदी

आधी थोडक्यात सांगतो. माझं विंडोजवर चालणारं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. कपाटाचे, टेबलाचे तुकडे शीटमधून कमीत कमी वाया जातील असे कसे कापायचे ते काढून देतं आणि कटिंग लिस्ट प्रिंट करून देतं. दिसणारा भाग सी-शार्पमध्ये, आकडेमोडीचं इंजिन सी-प्लस-प्लसच्या डीएलएलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला जोडलेल्या कोडच्या वेगळ्या फाइलमध्ये. लिहिणारा मी, विकणारा मी, सपोर्टचे फोन घेणारा पण मीच. पैसे देऊन घेतलेले साठेक वर्कशॉपवाले आहेत. बऱ्याच जणांचं पीसी भुशाने भरलेलं असतं आणि इंटरनेट असलं तर असलं, हे लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ त्यावरूनच झालाय.

६ जानेवारी २०२४

सपोर्टच्या जुन्या मेल चाळत होतो, म्हटलं कोणत्या व्हर्जनवर किती जण आहेत ते बघू. प्रोग्राम एरर रिपोर्टमध्ये लायसन्स की जोडून पाठवतो. एकच की नऊ वेगवेगळ्या मेल आयडीवरून आलेली. नऊ! त्यातल्या एकाने तर "तुमचं सॉफ्टवेअर फार हळू चालतं, पैसे वाया गेले" असं लिहिलेलं आणि मी त्याला दोन तास बसून मदत केली होती.

माझी लायसन्सची पद्धत म्हणजे दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी उरकलेलं काम. गिऱ्हाइकाचं नाव घ्यायचं, त्याला एक गुप्त शब्द जोडायचा, एमडी५ काढायचा (मजकुरापासून ठरावीक लांबीचा आकडा काढायची पद्धत, अशा आकड्याला हॅश म्हणतात), पहिली सोळा अक्षरं म्हणजे की. नाव आणि की दोन्ही पेन ड्राइव्हवर दिले की काम झालं, कुठल्याही मशीनवर चालणार. तेव्हा वाटलं होतं कोण कशाला कॉपी करतंय आपलं.

७ जानेवारी

एका मित्राला दिलं. दिवसभर दुसऱ्यांचे प्रोग्राम उसवून बघणं हेच त्याचं काम, नोकरीच ती. त्याला म्हटलं तोडून दाखव. चहा पिईपर्यंत झालं. आयएलस्पाय या कोड उलगडणाऱ्या टूलमध्ये एक्सई टाकली तर माझा सोर्स कोड जवळजवळ जसाच्या तसा, क्लास आणि फंक्शनच्या नावांसकट, समोर. गुप्त शब्द उघडाच. वीस मिनिटांत त्याने कीजेन लिहून दिला, म्हणजे कोणतंही नाव टाका, की तयार.

त्याहून लाजिरवाणी दुसरी गोष्ट. तो म्हणाला, "कीजेनची पण गरज नाही रे, तुझा प्रोग्रामच मला की सांगतो." माझा कोड काय करायचा, टाकलेल्या नावावरून बरोबर की स्वतः तयार करायचा आणि टाकलेल्या कीशी ताडून बघायचा. म्हणजे डीबगरमध्ये, प्रोग्राम मधेच थांबवून आत बघायच्या टूलमध्ये, त्या ओळीवर थांबलं की बरोबर उत्तर मेमरीत दिसतंच. परीक्षेत उत्तरपत्रिका प्रश्नपत्रिकेलाच जोडून दिल्यासारखं.

तुम्ही पण असंच काही केलं असेल तर बाकी काही वाचायच्या आधी हे बदला. तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये की बनवायचं सामान असताच कामा नये.

१३ जानेवारी

डिजिटल सहीवर आलो. सही करायची चावी माझ्या मशीनवर, तपासायची चावी प्रोग्राममध्ये. प्रोग्राम कितीही उसवला तरी त्यातून नवीन लायसन्स बनवता येत नाही. लिबसोडियम ही तयार लायब्ररी वापरली, त्यातली एड२५५१९ ही सहीची पद्धत, तपासायची चावी फक्त ३२ बाइटची, सही ६४ बाइटची. कोड म्हणाल तर तीसेक ओळी, दोन तासांत चालू.

मग अक्कल आली. माझे निम्मे गिऱ्हाईक की फोनवर लिहून घेतात. ६४ बाइट म्हणजे ५१२ बिट, एका अक्षरात पाच बिट बसवले तर १०३ अक्षरं! कोण सांगणार आणि कोण लिहून घेणार. सही कापून छोटी करू का म्हणून अर्धा दिवस घालवला. नाही करता येत, कापलेली सही तपासताच येत नाही. आरएसए २०४८ या दुसऱ्या पद्धतीची तर सही २५६ बाइटची, ते नावच नको.

शेवटी ठरवलं, टाइप करायची की बंद, लायसन्स फाइल द्यायची. फाइल मेलने, व्हॉट्सअ‍ॅपने किंवा पेन ड्राइव्हवर. छोटा ऑर्डर नंबर मात्र फोनवर सांगावा लागतोच, त्यासाठी क्रॉकफर्डची बेस३२ अक्षरं घेतली (३२ आकडे-अक्षरांचा संच), त्यात आय, एल, ओ आणि यू ही अक्षरंच नाहीत, त्यामुळे "ओ का शून्य" हा फोनवरचा वाद संपला. वेळ: ११ तास, त्यातले ५ फुकट.

१४ जानेवारी

लायसन्स फाइल म्हणजे साधी जेसॉन, मजकुराच्या रूपात माहिती ठेवायची फाइल: नाव, ऑर्डर नंबर, तारीख आणि शेवटी सही. माझ्याकडे मस्त चालली. ओळखीच्या तीन जणांना पाठवली, दोघांकडे "लायसन्स अवैध".

पहिल्याने फाइल नोटपॅडमध्ये उघडून "नीट आहे का बघून" सेव्ह केली होती. नोटपॅडने सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट घातले, यूटीएफ-८ ची खूण असते ती. डोळ्यांना फाइल तीच, सहीच्या हिशेबाने वेगळी. दुसऱ्याने मेलमधला मजकूर कॉपी करून फाइल बनवली, त्यात मेलने ओळी मधेच तोडलेल्या. आणि माझी स्वतःची चूक तिसरीच, मी जेसॉन वाचून परत लिहून मग सही तपासत होतो, म्हणजे एखादी स्पेस इकडची तिकडे झाली की खेळ खलास.

उपाय: आतला सगळा मजकूर आधी बेस६४ करायचा (म्हणजे साध्या अक्षर-आकड्यांत बदलायचा), सही त्या बाइटवर करायची, वर-खाली "इथून सुरू" "इथे संपलं" अशा ओळी. वाचताना त्या दोन ओळींच्या मधलं घ्यायचं, स्पेस आणि एंटर सगळे काढून टाकायचे, आधी सही तपासायची आणि मगच आतलं उलगडून वाचायचं. यानंतर एकदाही हा त्रास झाला नाही. लोकांनी फाइल वर्डमध्ये चिकटवून पाठवली तरी चालते.

२१ जानेवारी

आता फाइल खोटी बनवता येत नाही पण कॉपी तर करता येतेच. नऊ जणांनी एक की वाटून घेतली ते एक फाइल पण वाटून घेतील. म्हणून लायसन्स मशीनला बांधायचं ठरवलं. मदरबोर्डचा सिरियल, बायोसमधला यूयूआयडी (प्रत्येक मशीनचा वेगळा असायला हवा असा नंबर), हार्ड डिस्कचा सिरियल, विंडोजने स्वतः दिलेला नंबर म्हणजे मशीन-जीयूआयडी आणि नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. पाचही एकत्र करून शा-२५६ हॅश, झाला मशीनचा ठसा. गिऱ्हाइकाने ठसा पाठवायचा, मी त्यावर सही करून द्यायची.

लिहायला एक दिवस. फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

३ ते ११ फेब्रुवारी

पहिल्या टप्प्यात चाळीस जणांना नवीन व्हर्जन पाठवलं. आठवडाभरात चौदा तक्रारी. चौदाच्या चौदा पैसे भरलेल्यांच्या. ज्यांनी कॉपी केली होती ते अर्थातच जुन्या व्हर्जनवर सुखात होते.

काय काय निघालं ते लिहून ठेवतो, कारण हे कुठेच एका जागी मिळालं नाही:

जुळवलेल्या पीसीमध्ये मदरबोर्डचा सिरियल म्हणून चक्क "टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम." एवढंच लिहिलेलं असतं. बनवणाऱ्याने भरायची जागा तशीच सोडलेली. माझ्याकडे अशी पाच मशीन निघाली, पाचांचा "सिरियल" एकच.

यूयूआयडीचं तेच. ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९ हा आकडा तीन वेगवेगळ्या वर्कशॉपमधून आला. हा कुठल्याच मशीनचा खरा नंबर नाही, स्वस्त बोर्डांवर असाच छापून येतो. कुठे सगळे शून्य, कुठे सगळे एफ.

मशीन-जीयूआयडी विंडोज परत टाकली की बदलतो, आणि एकाच डिस्कची इमेज तीन मशीनवर उतरवली असेल तर तिन्हीकडे सारखा राहतो. म्हणजे बदलायला नको तिथे बदलतो आणि बदलायला हवा तिथे नाही.

आणि मॅक अ‍ॅड्रेस. याची गंमत सविस्तर सांगायलाच हवी. एक काका रोज संध्याकाळी फोन करायचे, "साहेब, तुमचं सॉफ्टवेअर रात्रीचं चालत नाही." मी म्हटलं काका असं कसं होईल. सकाळी विचारलं तर चालू. दुपारी चालू. संध्याकाळी साडेसातनंतर "हे लायसन्स या मशीनचं नाही". तीन दिवस लॉग मागवले, घड्याळाचा काही घोळ आहे का ते पाहिलं, काही सापडेना. चौथ्या दिवशी सहज विचारलं, संध्याकाळी पीसीवर काही बदलतं का हो? म्हणाले, "काही नाही, पोरगं घरी जाताना ते वायफायचं काडीसारखं काढून नेतं तेवढंच." संपलं. ती काडी म्हणजे यूएसबीचं वायफाय, मी मॅक त्याचाच धरला होता. काडी घरी गेली की लायसन्सही घरी गेलं.

दुरुस्ती: पाचांचा एकच हॅश ही मूळ चूक. आता पाचांचे पाच वेगळे हॅश लायसन्समध्ये ठेवतो आणि पाचांपैकी तीन जुळले की पास. ज्ञात भंगार किमतींची यादी केली, तसली किंमत दिसली की ती गोष्ट नाहीच असं धरायचं आणि उरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जुळल्या की झालं. मॅकमध्ये यूएसबीवरचे आणि व्हीपीएनचे खोटे अ‍ॅडॉप्टर वगळले. पहिल्या बाइटमधला दोन किमतीचा बिट लागलेला असेल तर तो पत्ता सॉफ्टवेअरने दिलेला असतो, कारखान्यातला नाही, तोही सोडून द्यायचा.

वेळ: लिहायला ८ तास, निस्तरायला ३१. शिवाय दोन गिऱ्हाइकांनी माझं नावच टाकलं ते वेगळंच.

१७ फेब्रुवारी

घड्याळ. ट्रायल तीस दिवसांची आहे आणि लायसन्सला एक वर्षाची मुदत घातली होती. लोक घड्याळ मागे करतात म्हणून मी शेवटची पाहिलेली सगळ्यात मोठी वेळ एका लपवलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवायचो, आजची तारीख त्याच्या मागे दिसली की बंद.

एका वर्कशॉपचं मशीन, बोर्डवरचा सेल मेलेला. रोज सकाळी चालू केलं की तारीख १ जानेवारी २००९. प्रोग्राम म्हणतो घड्याळ मागे केलंय. मालक बिचारा म्हणतो मी कशाला हात लावलाच नाही. दुसऱ्याकडे उलटं, सेल बदलताना कोणीतरी वर्ष २०९९ टाकलं, पाच मिनिटांत दुरुस्त केलं, पण तेवढ्यात माझा प्रोग्राम एकदा उघडला गेला होता. आता ७५ वर्षं तो प्रोग्राम चालणार नाही.

दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग मुदत हा प्रकारच काढून टाकला. लायसन्स कायमचं. मर्यादा फक्त अपडेटवर, म्हणजे लायसन्समध्ये "अमुक तारखेपर्यंतचे अपडेट" असं लिहायचं आणि ते आजच्या तारखेशी ताडायचंच नाही, प्रोग्राम मी ज्या दिवशी बिल्ड केला त्या तारखेशी ताडायचं. ती तारीख प्रोग्राममध्येच पक्की असते. मशीनचं घड्याळ काहीही बोंबलो, फरक पडत नाही. हे आधी का सुचलं नाही देव जाणे. ट्रायलला मात्र घड्याळ लागतंच, तिथे कोणी मागे करून दोन महिने वापरलं तर वापरू दे.

२९ फेब्रुवारी

आज दोन ऑर्डर आल्या, दोन्ही अडकल्या. लायसन्स बनवायची माझी स्क्रिप्ट पायथॉनमध्ये आहे, अपडेटची तारीख काढताना मी आजच्या तारखेतलं वर्ष एकने वाढवतो. २९ फेब्रुवारी २०२५ नावाचा दिवस नाही. "डे इज आउट ऑफ रेंज फॉर मन्थ". आता साधे ३६५ दिवस मिळवतो. वीस मिनिटं, पण गिऱ्हाइकांना तोपर्यंत पाच तास थांबावं लागलं कारण मी बाहेर होतो.

९ मार्च

सोर्स उघडा दिसतो म्हणून ऑबफस्केटर लावला, म्हणजे सगळ्या क्लासची, फंक्शनची नावं ए, बी, सी करून टाकणारं टूल. आयएलस्पायमध्ये बघितलं, खरंच खिचडी. खूश.

संध्याकाळी एकाचा फोन, जुन्या कामाच्या फाइली उघडतात पण रिकाम्या. घाम फुटला. कामाची फाइल मी जेसॉनमध्ये सेव्ह करतो, त्यात प्रॉपर्टीचीच नावं जातात. ऑबफस्केटरने "लांबी", "रुंदी", "जाडी" यांच्या प्रॉपर्टींची नावं बदलली, त्यामुळे नवीन प्रोग्राम जुन्या फाइलीत "ए" शोधतोय, सापडत नाही, म्हणून शून्य. आणि त्या दिवसात ज्यांनी फाइल परत सेव्ह केली त्यांच्या फाइलीत आता खरंच "ए", "बी" लिहिलेलं. नशीब जुन्याची बॅकअप प्रत प्रोग्राम ठेवतो.

वरून दोन अँटीव्हायरसनी एक्सई संशयास्पद म्हणून उचलली. दोष त्यांचा नाही, व्हायरसवालेही हेच टूल वापरतात. क्रॅश रिपोर्ट आले तर त्यातही नुसतं ए डॉट बी डॉट सी, नावांचा नकाशा जपून ठेवला नसेल तर काय फुटलं ते आपल्यालाच कळत नाही, आणि मी पहिल्या बिल्डचा ठेवला नव्हता.

तीन दिवस घालवून काढून टाकला. लावायचाच असेल तर फाइलीत जाणारे क्लास वगळा, आणि प्रत्येक बिल्डचा नकाशा जपा.

१६ मार्च

तपासणी सी-शार्पमधून काढून सी-प्लस-प्लसच्या डीएलएलमध्ये हलवली. इंजिन त्याच डीएलएलमध्ये असल्यामुळे सगळी डीएलएल बदलून खोटी ठेवणं सोपं नाही. परत मित्राला दिलं. यावेळी चाळीस मिनिटं लागली त्याला. एक्स६४डीबीजी या डीबगरमध्ये "लायसन्स अवैध" या मजकुराचा माग काढत मागे गेला, तिथे तुलना, त्याखाली एक जंप. हेक्समध्ये ७५, म्हणजे "सारखं नसेल तर उडी मार". त्याने तिथे ईबी लिहिलं, म्हणजे "काही असो, उडी मार". एक बाइट बदलला आणि सगळी सही, सगळे ठसे, सगळं गेलं. एड२५५१९ ला हातही लावला नाही त्याने.

दुसरा मार्गही दाखवला. माझी ३२ बाइटची तपासायची चावी डीएलएलमध्ये शोधली, जागी स्वतःची ठेवली, आता तो स्वतः सही करून लायसन्स वाटू शकतो. मी विचारलं, मग करू काय? म्हणाला, "मला रोखू नकोस, मला कंटाळा आण."

म्हणून तपासणी एका जागी न ठेवता पाच जागी पसरली, इंजिनच्या आत, प्रिंटमध्ये, फाइल उघडताना. एररचा मजकूर तपासणीच्या जवळ ठेवला नाही, तपासणी आता झाली तर निरोप दोन मिनिटांनी. त्याला आता अर्धा दिवस लागतो. थांबत नाही, पण अर्धा दिवस.

१९ मार्च

ही नोंद लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

डोक्यात आलं की क्रॅक केलेली कॉपी बंद पाडण्यापेक्षा गुपचूप चुकीची चालवावी. गेमवाले करतात असं काही. माझ्याकडे तर जागा तयारच होती, करवतीच्या पात्याची जाडी. पातं साधारण ३.२ मिमी लाकूड खातं, प्रत्येक कापामागे तेवढं धरावं लागतं. क्रॅक ओळखला की जाडी शून्य धरायची. स्क्रीनवर सगळं ठीक दिसणार, पण दहा काप झाले की ३२ मिमी कमी. फुकट्याला चांगला धडा, असं वाटून हसत हसत लिहिलं.

चाचणीला एका चांगल्या गिऱ्हाइकाला दिलं, त्याला हे अर्थातच सांगितलं नव्हतं. त्याच्या अँटीव्हायरसने डीएलएल मेमरीत चढताना तिच्यात स्वतःचं काहीतरी घुसवलं, माझ्या तपासणीला वाटलं कोड बदललाय. त्या माणसाने सकाळी दोन शीट कापल्या. शेवटचा तुकडा बसेना. त्याने स्वतःलाच दोष दिला, "माझंच माप चुकलं असेल" म्हणाला. मी सांगितलं, माझी चूक आहे, दोन शीटचे पैसे मी दिले.

त्याच रात्री तो कोड काढला. शिवाय विचार करा, फुकट्या माणूस "क्रॅकमुळे चुकलं" असं थोडंच सांगणार, तो सगळ्यांना सांगणार की हे सॉफ्टवेअर मापं चुकवतं.

२३ मार्च

ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेशन. छोटा सर्व्हर उभा केला, एका लायसन्सवर तीन मशीन, चौथं आलं तर नाही. सर्व्हर आधी नुसतं "ओके" पाठवायचा. मित्राने होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या मशीनकडे न्यायचं ते सांगणारी विंडोजची फाइल) माझ्या सर्व्हरचं नाव स्वतःच्या मशीनकडे वळवलं, त्यासाठीचं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, स्वतःच बनवून मशीनवर विश्वासू म्हणून टाकलं आणि सगळ्याला "ओके" म्हणणारा दहा ओळींचा सर्व्हर चालवला. आता प्रोग्राम प्रत्येक वेळी नवीन यादृच्छिक आकडा पाठवतो, सर्व्हर त्या आकड्यासकट उत्तरावर सही करतो. जुनं उत्तर परत वापरता येत नाही.

ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी: प्रोग्राम विनंतीची फाइल देतो, ती पेन ड्राइव्हवर घ्या, फोनवरून किंवा घरून पाठवा, उत्तराची फाइल आणा. कटकट आहे, पण एकदाच.

६ एप्रिल

सही करायची खासगी चावी गिटमध्ये (कोडचा सगळा इतिहास जपणारं टूल) कमिट झालेली सापडली. जानेवारीपासून. रेपॉझिटरी खासगी आहे, तरी ती तीन मशीनवर आणि एका क्लाउड बॅकअपवर गेली आहे, म्हणजे चावी फुटली असंच धरायचं. इतिहासातून काढून उपयोग नाही, बदलायलाच हवी. पण लायसन्स फाइलीत "कुठल्या चावीने सही केली" हा नंबरच ठेवला नव्हता. म्हणून आधी दोन्ही चाव्या चालवणारं व्हर्जन काढलं, सगळ्यांना नवीन फाइली पाठवल्या, महिन्याभराने जुनी बंद केली. पहिल्या दिवसापासून चावीचा नंबर ठेवला असता तर हे काम दुपारभराचं होतं, झालं नऊ दिवसांचं.

कोड साइनिंगची, म्हणजे प्रोग्राम माझाच आहे अशी सही करायची, चावी मात्र अशी फुटू शकत नाही, जून २०२३ पासून ती टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते असा नियम झालाय. तेव्हा वैताग आला होता, दर बिल्डला टोकन खुपसा. आता तक्रार नाही.

२० एप्रिल

यूएसबी डाँगल, म्हणजे पीसीला लावला असेल तरच प्रोग्राम चालतो असा छोटा तुकडा, दोघांना देऊन बघितला. एका महिन्याचा प्रयोग ठरवला होता, दोन आठवड्यांत आटोपला. एकाचा पीसीच्या पुढच्या बाजूला लावला होता, शीट सरकवताना मोडला. दुसऱ्याचा भुशाने नीट बसेना. मोडला की माल पोचेपर्यंत काम बंद, आणि माझ्यासारख्याने वापरला तर "डाँगल आहे का" एवढंच विचारणार, तिथेही परत तोच ७५ आणि ईबी. मोठ्या महागड्या सॉफ्टवेअरला ठीक असेल, ज्यात कोडचा काही भाग डाँगलच्या आतच चालतो. माझ्यासाठी नाही.

११ मे

एका ठिकाणी रोज सकाळी "लायसन्स रद्द झालं आहे". ते शेजारचं फुकट वायफाय वापरतात. लॉगिन केलं नसेल तर ते वायफाय कुठल्याही पत्त्याला स्वतःचं लॉगिनचं पान देतं, २०० क्रमांकाच्या "सगळं ठीक" उत्तरासकट. सुरक्षित जोडणीवर हे झालंच नसतं, पण जुन्या विंडोज ७ मशीनवर जोडणी होईना म्हणून मी त्यांच्यासाठी साधा एचटीटीपीचा मार्ग ठेवला होता. उत्तरावर सही आहे, काय बिघडतं, असा विचार. बिघडलं असं की सही नसलेलं उत्तर आलं की माझा प्रोग्राम ते "नकार" धरायचा. ते "उत्तर मिळालंच नाही" असं धरायला हवं होतं.

आता नियम एकच: सही असलेला स्पष्ट नकार आला तरच नकार. बाकी काहीही, पान, एरर, शांतता, म्हणजे चालू द्या. आणि ही चौकशी प्रोग्राम उघडल्यावर मागे गुपचूप, महिन्यातून एकदा. आधी ती उघडतानाच व्हायची आणि नेट अडकलं की तीस सेकंद खिडकीच दिसायची नाही.

२२ जून

काल सर्व्हरचं सर्टिफिकेट संपलं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, ९० दिवसांचं होतं. नूतनीकरण आपोआप झालेलं होतं, नवीन सर्टिफिकेट डिस्कवर पडूनही होतं, पण वेब सर्व्हर रीलोड केला नव्हता म्हणून तो जुनंच दाखवत बसला. मे महिन्यातला नियम नसता तर काल सगळ्यांचं बंद पडलं असतं. एकाचाही फोन आला नाही, मलाच एरर लॉगमध्ये दिसलं. रीलोडची ओळ घातली, पंधरा मिनिटं.

६ जुलै

कटिंग लिस्टच्या तळाला प्रत्येक पानावर लायसन्सधारकाचं नाव छापायला सुरुवात केली. नाव सही केलेल्या फाइलीतून येतं, बदललं तर लायसन्स मोडतं. मित्र म्हणाला हे काढायला त्याला दहा मिनिटं पुरतील. असेल. चाळीस मिनिटांत लिहून झालं, विसरूनही गेलो.

२७ जुलै

अनोळखी माणसाचा फोन. "साहेब, त्या लिस्टवरचं खालचं नाव बदलून मिळेल का?" ऑर्डर नंबर विचारला. जरा घुटमळला, मग म्हणाला सॉफ्टवेअर मेव्हण्याकडून आणलंय. पण लिस्ट मी पार्टीला देतो, पार्टी विचारते हे दुसऱ्या वर्कशॉपचं नाव कसं काय, काम तुम्ही करताय का ते? मी म्हटलं नाव बदलून मिळत नाही, स्वतःचं लायसन्स मिळतं. तासाभरात पैसे आले.

१७ ऑगस्ट

असे आत्तापर्यंत चार झाले. त्यातले दोघे जानेवारीतल्या त्या नऊ जणांपैकी, तो "पैसे वाया गेले"वाला पण त्यातच, यावेळी अतिशय नम्र मेल होती. त्याला जुन्या मेलची आठवण करून दिली नाही, मोह फार झाला होता.

मशीनची मर्यादा तीनवरून पाच केली, कारण मर्यादेच्या तक्रारी येतात त्या सगळ्या खऱ्या गिऱ्हाइकांच्या, पीसी बदललेल्यांच्या. पसरवलेल्या पाच तपासण्यांपैकी तीन काढल्या, प्रत्येक रिलीजला त्यांचीच चाचणी करण्यात अर्धा दिवस जात होता.

नवीन बग: एकाच्या दुकानाचं नाव इतकं लांब आहे, "आणि सन्स"सकट, की पानाच्या उजव्या कडेबाहेर जातं आणि प्रिंटर शेवटची अक्षरं खातो. त्याने फोटो पाठवलाय, "माझ्या सन्सना का उडवलं" म्हणून. नाव लांब असलं तर दोन ओळींत तोडायचं काम उद्या.